फळ्यावरचे एकशे अठ्ठ्याण्णव

१

माझा भाऊ लोखंडी जिन्याच्या पायथ्याशी मान मुडपून पडला होता, आणि वर सज्ज्यातल्या काळ्या फळ्यावर त्या दिवसाचा लसणाचा भाव लिहिलेला होता : १९८. फौजदार येईपर्यंत त्या दराने अकरा सौदे झाले. हमालांनी त्याच्या अंगावर रिकामी गोणपाटं टाकली होती आणि हातगाड्या तेवढा वळसा घालून चालल्या होत्या. मी पोचले तेव्हा एक अडत्या मला म्हणाला, "ताई, फार वाईट झालं. पण जाता जाता भाव देऊन गेला बिचारा." त्याला हे सांत्वन वाटत होतं. मी त्याच्या थोबाडीत दिली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

माझ्या भावाला सगळा बाजार खडूमास्तर म्हणायचा. बावीस वर्षं त्याचं एकच काम. दूर बंदरावर लसणाचा मोठा बाजार आहे, तिथून आमच्या बाजाराच्या समितीने स्वतःची थेट तार ओढून घेतली होती. सकाळी नऊला सज्ज्यामागच्या खोलीत फोनची खणखणीत घंटा वाजायची, पलीकडचा कारकून भाव सांगायचा आणि मास्तर बाहेर येऊन तो फळ्यावर लिहायचा. खाली दोनशे माणसं मान वर करून उभी असायची. त्या आकड्यावरून दिवसाची बोली सुरू व्हायची. यंदा पीक इतकं उदंड आलं होतं की गोदामांच्या बाहेर गोण्या रचल्या होत्या. शाळेत शिकवतात त्या हिशोबाने भाव पडायला हवा होता, पण आठ महिने तो चढतच होता.

मी स्वतः एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि ऐकलं नाही असं दाखवायचं, ही माझी नोकरी. माणूस खोटं बोलण्याआधी जरासा श्वास घेतो, हे त्या खुर्चीत शिकले. तेवढ्या भांडवलावर मी या प्रकरणात उतरले, कारण दुपारी माझी भाची, मास्तरची एकुलती मुलगी, तीन गल्ल्या अनवाणी धावत माझ्याकडे आली.

"आत्या, ह्यांना नेलं," ती म्हणाली. "म्हणतात, बाबांना ह्यांनीच ढकललं."

२

फौजदारांचा हिशोब सरळ होता. मास्तरचा जावई छोटा अडत्या. बुधवारी दुपारी चारला जिन्याखाली सासऱ्या-जावयाचं कडाक्याचं भांडण दहा जणांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी जावयाने चारशे गोण्या घेतल्या, एकशे शहाऐंशीच्या भावाने. रात्रीतून सासरा मेला आणि सकाळी फळ्यावर बारा जास्त. "सरळसरळ भावासाठी खून आहे, ताई," फौजदार म्हणाले. "जन्मठेप तर धरूनच चाला." माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जेवणाआधी प्रकरणं संपवायची सवय होती.

कोठडीत जावई भिंतीला पाठ लावून बसला होता. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. मी विचारलं, "भांडण कशावरून झालं? खरं सांगायचं."

"मी त्यांना म्हटलं, फोन आला की फळ्याकडे जाण्याआधी खिडकीत नुसता रुमाल टाका. चढला तर पांढरा, उतरला तर निळा. पाच मिनिटं आधी कळलं तरी माझं भागेल."

"मग?"

"म्हणाले, रुमाल कशाचा टाकू? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मला वाटलं, जावयाला टाळताहेत. मग मी वाटेल ते बोललो, आत्या. शेवटचं बोललो ते तसलं."

"आणि चारशे गोण्या कशाला घेतल्या? गोदामं फुटायला आलीत, दिसत नाही?"

"दिसतं ना. पण सगळेच घेत होते." त्याने मान खाली घातली. "घर गहाण आहे. हिचे दागिनेही."

तिथून मी बाजारात गेले. हमालांच्या मुकादमाने सज्ज्यामागच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. टेबल, खुर्ची, खडूचा डबा, काळा फोन. सवयीने मी रिसीव्हर कानाला लावला. एकतीस वर्षं मी फोनमधली शांतता ऐकली आहे. चालू तारेतली शांतता वेगळी असते, तिच्यात बारीक गुणगुण असते. यात काहीच नव्हतं. खुनाच्या रात्री कुणीतरी तार तोडली असेल असं आधी वाटलं. मी खिडकीतून वाकून भिंतीवर नजर फिरवली. कौलांखाली तार तुटून लोंबत होती. तांब्याला हिरवा गंज चढला होता, आणि एका चिमणीने ते टोक घरट्यात विणून घेतलं होतं. घरट्यातली पिल्लं केव्हाच उडून गेली होती.

ती तार काल तुटलेली नव्हती. महिन्यांपूर्वी तुटली होती.

३

मग रोज नऊला माझा भाऊ कुणाशी बोलत होता?

तो एकटाच राहायचा. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या खोलीत पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत एक वही मिळाली. भाची आणि मी पलंगावर बसून वाचायला लागलो. पहिलं पान आठ महिन्यांपूर्वीचं होतं. "रात्री वादळात तार गेली. नऊ वाजले, खाली सगळे माना वर करून. काय करू? कालचाच भाव एक रुपयाने चढवून लिहिला. कुणी काही बोललं नाही. उद्या सांगू." पुढच्या दहा पानांच्या शेवटी "उद्या सांगू" होतं. मग ते शब्द बंद झाले आणि नुसती कारणं उरली.

"गुडघे फार दुखले. दोनने उतरवला. लोक माझ्याकडे असे बघतात की पुन्हा उतरवायचा धीर होत नाही."

"मुकादमाला मुलगी झाली. तीनने चढवला."

"झोप नाही. तोच ठेवला."

भाचीने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, तिलाही कळत नसावं. मी मात्र मनात हिशोब मांडत होते. गोदामं, गहाण घरं, बायकांचे दागिने, हे सगळं आठ महिने माझ्या भावाच्या गुडघ्यांवर उभं होतं.

पेटीत दर गुरुवारी निघणारी बाजारपत्रकंही नीट लावून ठेवलेली होती. ती प्रोफेसर लिहायचे. समितीने त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं होतं. मी वही आणि पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. गुडघे दुखले त्या आठवड्यात प्रोफेसरांनी लिहिलं होतं, "बंदरावर माल साचल्याने किंचित उतार." मुकादमाला मुलगी झाली तेव्हा, "परदेशी मागणीचा रेटा." झोप लागली नाही तेव्हा, "मागणी-पुरवठ्याचा आदर्श समतोल." एकाही दिवसाचं कारण त्यांना सापडलं नाही असं झालं नव्हतं.

वहीची शेवटची नोंद बुधवारच्या दुपारची होती. जेवायला घरी आला तेव्हा लिहिलेली.

"आता फार झालं. ज्याच्या त्याच्या घरातलं किडूकमिडूक या आकड्यात गेलंय. उद्या नऊला सज्ज्यातून सांगून टाकणार. आज एकाला आधी सांगितलं. ऐकून पांढरा पडला."

तो एक म्हणजे जावई नव्हता. भांडण चारचं, नोंद त्याआधीच्या जेवणवेळची. शिवाय जो पाच मिनिटं आधी भाव मागतो, तो भाव कुठूनतरी येतो असंच मानून मागतो.

४

ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त लसूण होता त्यांच्याकडे मी आधी गेले. चार गोदामांचे मालक, म्हणून त्यांचं नावच गोदामशेठ. आठ महिन्यांत त्यांनी एक गोणी विकली नव्हती, नुसती घेत होते. भाव कोसळला असता तर त्यांच्या अंगावरचे कपडेही राहिले नसते.

त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी मागवलं. "मास्तरसारखा माणूस होणे नाही," ते म्हणाले. "वीस वर्षं पहिल्या रांगेत उभा राहून त्याला लिहिताना पाहिलंय. शेवटचा आकडा आधी लिहायचा, उजवीकडून. शतक आधी दिसलं की लोक पुढचं न बघताच ओरडायला लागतात ना, म्हणून. अख्खा बाजार श्वास धरून बघायचा. आठ आला, आता मागे काय येतंय? माझे पाय लटपटायचे, ताई. लग्नात लटपटले नाहीत एवढे."

"शेठजी, बंदरावरून रोज फोन यायचा?"

ते बोलण्याआधी थांबले. छातीत हवा भरल्याचं मला पंख्याच्या आवाजातही ऐकू आलं. "म्हणजे काय? यायचाच की."

"आणि मास्तर गेला त्या दिवशी नऊला तो कुणी घेतला?"

आता ते माझ्याकडे बघेनात. "फळ्यावर भाव होता," ते म्हणाले. "मग कशाला घ्यायचा?" आणि मग वेगळ्याच, खालच्या आवाजात, "भाव कुठून येतो हे फार खणू नये, ताई. विहिरीला पाणी आहे ना, मग झालं."

मला वाटलं, सापडला. पांढरा पडणारा हाच. त्यांच्या दारातून बाहेर पडताना माझी पावलं हलकी झाली होती, हे कबूल करते.

५

प्रोफेसरांकडे मी केवळ पत्रकांविषयी विचारायला गेले. त्यांची कचेरी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर. भिंतीभर आलेख होते. माणूस सभ्य, आवाज मऊ, बोटांना शाई. शिपाई रोज सव्वानऊला चिठ्ठीवर भाव आणून द्यायचा, त्यावर ते काम करायचे. "खालच्या त्या आरडाओरड्यात मी कधी जात नाही," ते म्हणाले. "तिथे भाव दिसतो, ताई, कळत नाही."

"मग कळतो कुठे?"

"इथे." त्यांनी आलेखांवर हात फिरवला. "लोकांना वाटतं, बाजार अफवांवर चालतो, मनावर चालतो. मन हे वाऱ्यासारखं आहे. आज इकडे, उद्या तिकडे. सरासरी काढली की उरतात फक्त मागणी आणि पुरवठा. मी गेल्या महिन्यात कागदावर काढून दाखवलं होतं की या आठवड्यात भाव एकशे अठ्ठ्याण्णववर स्थिरावेल. राजधानीतल्या संस्थेकडे तो कागद पाठवला होता. गुरुवारी त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं, तिथल्या मोठ्या जागेसाठी. नेमका त्याच दिवशी भाव तिथे आला." त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "तुमच्या भावाच्या हातून आला, याचा मला अभिमान वाटतो."

"म्हणजे गुरुवारी तुम्ही इथे नव्हता?"

"पहाटे सहाच्या बसने गेलो. शुक्रवारी परत आलो."

"पण गुरुवारी दुपारी पत्रक निघालं. त्यात एकशे अठ्ठ्याण्णवची कारणं आहेत."

ते जरा थांबले, आणि मी पुन्हा तो बारीक श्वास ऐकला. "राजधानीतून छापखान्यात फोन केला. भाव विचारून घेतला आणि मजकूर सांगितला."

मी आभार मानून जिना उतरले. त्यांनी दुसरी कुठलीही थाप मारली असती तरी चाललं असतं. फोनची थाप त्यांनी माझ्यापुढे मारायला नको होती.

६

एक्स्चेंजमध्ये माझ्या खुर्चीवर आता जी बसते तिला मीच शिकवलं होतं. बाहेरगावच्या प्रत्येक फोनची नोंद रजिस्टरमध्ये होते. गुरुवारी राजधानीतून आमच्या गावात सात फोन आले होते. त्यातला एकही छापखान्यात नव्हता.

छापखान्यात खिळे जुळवणारा म्हातारा जुळारी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "गुरुवारी कशाला? बुधवारी संध्याकाळी साडेपाचला प्रोफेसर स्वतः कागद देऊन गेले. मी म्हटलं, साहेब, उद्याचा भाव आजच? हसले. म्हणाले, शास्त्र आहे."

तिथून मी परत सज्ज्यावर गेले. मास्तर गेल्यापासून तो आकडा पुसायला कुणी धजत नव्हतं. तीन दिवस बाजार त्याच एकशे अठ्ठ्याण्णववर चालला होता. मी जवळून पाहिलं. एक ऐसपैस, नऊ ऐसपैस, आणि आठ उजव्या चौकटीला टेकून चेपलेला, जागा न पुरल्यासारखा. जो उजवीकडून आठ आधी लिहितो त्याचा आठ कधी चेपणार नाही, चेपलाच तर एक. हे माझ्या भावाने लिहिलं नव्हतं.

मी फौजदारांना सगळं एका दमात सांगितलं. "हा आकडा खुन्याने लिहिला. जावयाने नाही, शेठनेही नाही. ते दोघं रोज खाली उभं राहून मास्तरची तऱ्हा बघायचे. त्याच्या नावावर खपवायचं तर त्यांनी उजवीकडूनच लिहिलं असतं. ही तऱ्हा माहीत नसलेला या बाजारात एकच आहे, जो नऊला कधी खाली आला नाही. ज्याला रोज नुसती चिठ्ठी जायची. आणि खुन्याला हेही माहीत होतं की सकाळी फोन येणार नाही. नाहीतर संध्याकाळीच भाव कोण लिहून ठेवेल? नऊला खरा आला की खोटा उघडा पडला असता."

"पण लिहायचंच कशाला? ढकललं आणि गेला, संपलं."

"कारण पत्रक साडेपाचला छापायला गेलं होतं. बुधवारी मास्तरने त्याला खरं सांगितलं. याने गयावया केली असणार, एकच दिवस थांबा, उद्या माझा आकडा लिहा, मग काय सांगायचं ते सांगा. मास्तर हो म्हणाला असेल. त्याला नाही म्हणता यायचं नाही. त्या भरवशावर याने कारणं छापायला दिली. बाजार उठल्यावर खात्री करायला गेला, तर मास्तर फिरला होता. उद्या सगळ्यांसमोर सांगणारच म्हणाला. कारणं आधी छापून झाली होती, फौजदारसाहेब. मागून भाव लिहावा लागला."

फौजदारांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "पटतंय," ते म्हणाले. "पण वकील काय म्हणेल? प्रोफेसर हुशार, आकडा आधीच काढला होता. फोनबद्दल चुकून बोलले. खुनाचं कारणच उभं राहतं ते तार मेलेली होती यावर. चला, ती तार दाखवा."

आम्ही गेलो. कौलांखाली चकचकीत नवी तार होती. घरटं खाली उकिरड्यात पडलं होतं. फौजदारांनी रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. आत बारीक गुणगुण चालू होती.

७

"मीच जोडून घेतली," गोदामशेठ म्हणाले. या वेळी पाणी मागवलं नाही. "तुम्ही वर गेला होता ते कळलं, ताई. वही कोर्टात वाचा खुशाल. एका थकलेल्या माणसाने एकट्याने बसून लिहिलेलं, कोण मानतंय? बंदरावरचा कारकून सांगेल, मी रोज फोन करत होतो. त्याला पगार त्याचाच मिळतो. आणि बंदरवाले काय करतात ठाऊक आहे? आमच्या ट्रकवाल्यांना विचारतात, तुमच्या फळ्यावर काय निघालं? त्यावर त्यांचा भाव ठरतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी काहीच म्हटलं नाही."

"माझा भाऊ मेलाय, शेठजी. भाचीचा नवरा जन्मभर आत जाईल."

"आणि तुम्ही हे चव्हाट्यावर बोललात तर दोनशे घरं रस्त्यावर येतील. त्यात तुमच्या भाचीचंही." हे ते धमकी म्हणून बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला त्यांचा राग करणं जमेना.

घरी येऊन मी भाचीला समोर बसवून सगळं सांगितलं. तुझा नवरा सुटायचा तर बाजारातल्या माणसांनी कागदावर लिहून द्यायला हवं की घंटा वाजत नव्हती. ते त्यांनी लिहून दिलं की भाव गेला. भाव गेला की चारशे गोण्या, घर, दागिने, सगळं गेलं. नाही सांगितलं तर घर राहील, पण तो येणार नाही.

तिने विचार करायला वेळ घेतला नाही. "घर जाऊ दे, आत्या. माणूस आणा."

सोमवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना मी सज्ज्यावर उभी राहिले. खाली दोनशे माना वर. मी फळ्याकडे पाठ केली आणि बोलायला लागले. तार कधी तुटली, वहीत काय आहे, गुडघे, मुकादमाची मुलगी, सगळं. आवाज चढवावा लागला नाही. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, मला खाली ओढतील. कुणी हललं नाही. त्यांच्या तोंडावर आश्चर्य शोधत मी एकेक चेहरा बघत गेले, आणि मला ते कुठेच सापडेना.

"घंटा वाजत नव्हती हे ज्याला ठाऊक असेल," मी म्हटलं, "त्याने फौजदारांकडे सही करावी. एका माणसाचा जीव त्यावर आहे."

मुकादम पुढे आला. "मला ठाऊक होतं. मला वाटलं, शेठ लोकांना ठाऊक नाही. मी कोण सांगणारा?"

मग एक अडत्या. "मला चौथ्या दिवशी कळलं. पण बाकी सगळे मानत होते. मी एकट्याने विकून मूर्ख ठरलो असतो."

मग दुसरा. "मला वाटलं, माझेच कान गेले. डॉक्टरकडे जाऊन आलो."

मग रांग लागली. प्रत्येक जण तेच सांगत होता. मला माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. बाकीचे मानत होते, म्हणून मीही मानलं. कुणीतरी मागून हसलं, आणि ते हसू कुणालाच नीट पुढे नेता आलं नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी फळ्याऐवजी एकमेकांकडे पाहिलं असेल.

गोदामशेठ सगळ्यात शेवटी आले आणि सही करून म्हणाले, "माहीत असणं वेगळं आणि बोलणं वेगळं, ताई. आता बोललं गेलं."

साडेनऊला एकशे चाळीसला घेणारा नव्हता. दहाला सत्तरला नव्हता. गोण्या त्याच होत्या, लसूणही तोच होता, शनिवारी होता तेवढाच. दुपारपर्यंत माणसं आपापल्या गोण्यांवर बसून होती.

८

प्रोफेसरांना फौजदारांनी जबान्या वाचून दाखवल्या तेव्हा मी तिथे होते. रजिस्टरची नोंद त्यांनी शांतपणे ऐकली, जुळाऱ्याची जबानीही. जबान्यांच्या गठ्ठ्याकडे बघून मात्र त्यांनी विचारलं, "हे किती आहेत?"

"एकशे बारा. अजून रांग आहे."

"एकशे बारा जणांना माहीत होतं?"

"हो."

ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मग त्यांनी सांगितलं. ढकलायचं नव्हतं. मास्तर जिन्याकडे निघाला, त्यांनी दंड धरला, त्याने झटकला, त्यांनी पुन्हा धरला. "तो म्हणाला, साहेब, तुमचे आलेख माझ्या गुडघ्यांचे आहेत. चिडवत नव्हता. त्याला माझी कीव येत होती. ती मला सोसली नाही." मग ते म्हणाले, "ते जर सगळ्यांना माहीत होतं, तर मी कुणापासून लपवत होतो?" फौजदारांनी ते लिहून घेतलं नाही.

जावई संध्याकाळी सुटला. भाची दारात उभी होती. तिने त्याला काही विचारलं नाही, त्याने घराचं काय झालं ते विचारलं नाही. दोघं भिंतीच्या कडेने चालत गेली. पुढच्या महिन्यापासून ती दोघं माझ्या मागच्या खोलीत राहायला येणार होती, दोन पेट्या आणि एक गादी घेऊन.

मीही निघणार होते. फौजदार म्हणाले, "ताई, प्रकरण बंद करायच्या आधी तुमचीही जबानी घेतो. नियम आहे, आजूबाजूला राहणाऱ्या सगळ्यांची घेतोय." त्यांनी कोरा कागद ओढला. "तुम्ही तीन गल्ल्यांवर राहता. सकाळी घरीच असता. घंटा तुमच्याकडे ऐकू यायची?"

"यायची. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की स्पष्ट."

"शेवटची कधी ऐकली?"

दर सकाळी मी त्या घंटेवर चहा उतरवायचे. कधीपासून घड्याळ बघून उतरवायला लागले होते? मी स्वतःला सांगितलं होतं की हल्ली तो पहिल्या खणखणाटालाच उचलत असेल. एकतीस वर्षं टेलिफोनमध्ये काढलेली बाई मी. माझा भाऊ दर रविवारी जेवायला यायचा, ताटावर बसून म्हणायचा, "ताई, तुला एक सांगायचंय," आणि मी म्हणायचे, आधी जेव. जेवण झाल्यावर मी कधी विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं, कारण काय असणार ते मला माहीत होतं, आणि माझे स्वतःचे साठवलेले थोडेसे पैसेही गोदामशेठकडे लसणात होते. त्याने एकदा जरी ते कुणाला मोठ्याने सांगितलं असतं आणि त्या माणसाने "हो रे, मलाही ठाऊक आहे" म्हटलं असतं, तर तो आज जिवंत असता. तो माणूस मी असायला हवी होते.

"ताई?" फौजदार म्हणाले. "शेवटची कधी?"

"लिहा," मी म्हटलं. "वादळाच्या आदल्या सकाळी."